गुडघेदुखी आणि जाणारा तोल



उसाची लागण, खताच्या मात्रा, तोडीचा कार्यक्रम आणि बिलाचे हप्ते या विषयांवर आम्ही या पानांतून नेहमीच लिहीत असतो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे, पण तो बांधाबाहेरचा मात्र नाही. किंबहुना तो बांधावरच सुरू झाला.

गेल्या माघातली गोष्ट. आपल्याच एका गटातले जुने सभासद, वय सहासष्ट, खोडव्याला पाणी पाजायला रात्री बाराच्या विजेवर रानात गेले. एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. चार सऱ्या भिजल्या, पाचवीचं दारं मोडायला ते बांधावरून खाली उतरले आणि तिथंच कोसळले. मोबाइल होता, पण तो कोटाच्या खिशात आणि कोट मोटारीच्या खोलीत खुंटीला. पाणी पाटातून वाहत राहिलं, सरी फुटली, आणि हे गृहस्थ थंडीत, चिखलात, पहाटे पोरगा शोधत येईपर्यंत पडून राहिले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

गावात तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले चक्कर आली असेल, कोणी म्हणाले घसरले असतील, एकदोघांनी त्या बांधाचीच जुनी कथा काढली. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “अहो, घसरलो न्हाई आणि चक्कर बी न्हाई. खाली पाय टाकला, आणि गुडघ्यानं दगा दिला. मी धरायच्या आत मी खालीच.” गुडघा दुखतो हे घरच्यांना ठाऊक होतं. सात-आठ वर्षं दुखत होता. पण गुडघा दुखणं निराळं आणि तोल जाणं निराळं, अशीच सगळ्यांची समजूत. आमचीही तीच होती. हा लेख लिहायला घेतला तो या समजुतीपायी.

तोल कसा राहतो ते आधी पाहू. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर किंचित पुढेमागे, डावीउजवीकडे झुलत असतं. वारा नसतानाही उसाचा शेंडा हलावा तसं. हे झुलणं मेंदू क्षणाक्षणाला सावरत असतो आणि त्यासाठी त्याला तीन ठिकाणांहून बातमी लागते. एक डोळ्यांकडून. दुसरी कानाच्या आतल्या भागातून; तिथं द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि डोकं कुठं वळलं हे त्या सांगतात. तिसरी बातमी तळपायांकडून, स्नायूंकडून आणि सांध्यांकडून. गुडघा किती वाकला, भार कोणत्या बाजूला गेला, जमीन कलती आहे की सपाट, हे आपल्याला न बघता कळतं ते या तिसऱ्या बातमीमुळे. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या जाणिवेला स्वतंत्र नाव दिलं. पुढे १९३२ साली त्यांना मज्जासंस्थेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. आपण तिला सांध्याची जाण म्हणू.

ही जाण नसती तर काळोखात जेवताना घास तोंडापर्यंत नेता आला नसता. डोळे मिटून आपला हात कुठे आहे ते सांगता येतं ना, तीच ती.

आता गुडघ्याकडे येऊ. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं भेटतात तिथं दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, मधे वंगणासारखा द्रव असतो, पुढे वाटी असते, आणि चारी बाजूंनी स्नायू नि बंध आवळून धरतात. झिजेच्या संधिवातात ही कूर्चा पातळ होते, हाडाच्या कडेला टोकं वाढतात, अधूनमधून पाणी भरून सूज येते. गंमत अशी की कूर्चेला स्वतःच्या मज्जातंतूच नसतात. म्हणून नुसती कूर्चा झिजते तेव्हा दुखत नाही; दुखतं ते आजूबाजूचं आवरण, हाड आणि बंध यांना त्रास होऊ लागल्यावर. त्यामुळेच एखाद्याच्या फोटोत गुडघा पार गेलेला दिसतो आणि तो मजेत चालतो, तर दुसऱ्याच्या फोटोत फारसं काही नसतं आणि तो मात्र कण्हतो.

पण जाण देणारे तंतू असतात ते याच आवरणात, बंधांत आणि स्नायूंत. सांधा सुजला, बंध सैल पडले, पाय कमानीसारखे बाहेरच्या अंगाला वाकले, की या तंतूंची बातमी अंधूक येऊ लागते. गुडघ्याचा संधिवात असलेल्यांना आपला गुडघा नेमका किती वाकला आहे हे डोळे मिटून सांगायला लावलं, तर त्यांचा अंदाज निरोगी माणसांपेक्षा अधिक चुकतो, आणि उभे असताना त्यांचं झुलणंही अधिक असतं, असं अनेक तपासण्यांत दिसून आलं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. मांडीच्या पुढच्या बाजूला जो जाडजूड स्नायू आहे तोच खरा गुडघ्याचा रखवालदार. उतारावरून पाय टाकताना अंगाचा भार हळूहळू खाली सोडायचं काम तो करतो. सांध्यात सूज आली की मज्जारज्जूच्या पातळीवरच या स्नायूला लगाम बसतो. माणसाने कितीही जोर लावायचं म्हटलं तरी स्नायू पूर्ण आवळत नाही. निरोगी गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी भरून हा प्रकार प्रयोगशाळेत दाखवण्यात आला आहे. त्या गुडघ्याला दुखणं नव्हतं, झीज नव्हती, तरी स्नायू ढिला पडला. मग दुखतं म्हणून आपण तो पाय वाचवतो, वाचवला की स्नायू वाळतो, वाळला की गुडघा अधिक उघडा पडतो. दोन्ही मांड्यांचा घेर एकदा दोरीने मोजून बघा. दुखऱ्या पायाची मांडी बारीक झालेली बऱ्याच जणांना आढळेल.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जाते. तिथल्या दोन हजार तीनशेहून अधिक लोकांना विचारलं, गेल्या तीन महिन्यांत तुमचा गुडघा अचानक लचकून दुमडला का? २००७ साली ही पाहणी प्रसिद्ध झाली. शंभरात सुमारे बारा जण ‘हो’ म्हणाले आणि त्या बारांतले एक-दोन जण त्याच क्षणी पडले होते. आम्हाला विशेष वाटलं ते पुढचंच. ज्यांचे गुडघे असे दुमडत होते त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या फोटोत झीज दिसतच नव्हती. दुखणं आणि मांडीचा अशक्तपणा मात्र होता. म्हणजे ‘फोटो नीट आहे, काही झालेलं नाही’ म्हणून घरी परत पाठवलेल्या माणसालाही जपायला हवं.

आपल्या सभासदांच्या तोंडी एक उपमा नेहमी असते. “साहेब, गुडघा म्हणजे बेअरिंग. झिजलं, संपलं.” कारखान्याच्या माणसांना ती पटते, कारण हंगाम संपला की मिलची उघडझाप करून झिजलेले भाग बदलताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण ही उपमा माणसाला घरी बसवते. बेअरिंग फिरवलं की झिजतं. जिवंत सांधा हलवला नाही तर बिघडतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. भार पडणं आणि सुटणं यातूनच तिच्यात द्रव आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर पुणे जिल्ह्यातलं भिगवण सगळ्यांना माहीत आहे. इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याकाठचं, चहूबाजूंनी ऊस. तिथं १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चालणाऱ्या कार्यक्रमाचा तो भाग होता. शंभरातल्या सुमारे अठरा जणांना हाडा-सांध्याचं, स्नायूंचं दुखणं होतं. बोटं वाकडी करणारा आमवात थोड्यांनाच. झिजेचा संधिवात त्याच्या कितीतरी पट. शेतातली माणसं काटक असतात, त्यांना कसला सांधेरोग, असं शहरात म्हणतात. भिगवणने ते खोटं ठरवलं.

उकिडवं बसण्याचाही प्रश्न आहे. चीनमध्ये बीजिंग शहरात झालेल्या पाहणीत तिथल्या वयस्क बायकांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या त्याच वयाच्या बायकांपेक्षा जास्त आढळली, आणि तरुणपणी दिवसाकाठी अनेक तास उकिडवं बसण्याशी तिचा संबंध दिसला. आता आपल्या बायाबापड्यांचा दिवस आठवा. पहाटे धार काढायला उकिडवं, चुलीपुढं उकिडवं, भांडी घासायला उकिडवं, भांगलणीला दिवसभर उकिडवं, आणि संध्याकाळी वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून घरी. ओझं डोक्यावर आलं की अंगाचा भारबिंदू वर सरकतो, आणि मग थोडासा झोलही सावरायला जड जातो. पन्नाशीनंतर हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त होतो, हे सर्वत्र दिसलेलं आहे. तरीही आमच्याकडे बातमी येते ती पुरुष पडल्याची. बाई गोठ्यात शेणामुतावर पाय सरकून पडली तर तिला हळद लावतात आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा धारेला बसते. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही, बघून लिहितो आहोत.

पुन्हा त्या रात्रीकडे वळू. तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातमीपैकी गुडघ्याची बातमी आधीच अंधूक झालेली. असा माणूस दिवसभर डोळ्यांवर चालतो आणि ते त्याला कळतही नाही. अंधार पडला की दुसरा खांबही गेला. जर्मन डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात एक साधी गोष्ट लिहून ठेवली आहे. पायांची जाण गेलेले रोगी उजेडात उभे राहतात, पण डोळे मिटायला सांगितले की डोलू लागतात. तोंड धुताना डोळे मिटले की अडखळतात. त्यांचे रोगी वेगळ्या आजाराचे होते, पण तत्त्व तेच. सकाळी मोरीत तोंडावर पाणी मारताना भिंतीला हात लावावासा वाटतो का, हे सभासदांनी स्वतःला विचारावं.

त्यात मधुमेह असेल तर तळपायही बधिर होतात, आणि मोतीबिंदू असेल तर बॅटरीचा उजेडही पुरत नाही. रक्तदाबाच्या गोळीने, झोपेच्या गोळीने रात्री उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते ती वेगळी. एका माणसाच्या अंगात यातलं एकच असतं असं नाही. ज्याला उभं राहताना खरोखर घेरी येते, घर फिरल्यासारखं वाटतं, त्याचं कारण गुडघ्यात नाही. त्याने डॉक्टरांना तसंच सांगावं.

शेतही आपलं सपाट नाही. सरी-वरंबा, पाट, ओला बांध, खोडव्याचे तिरके छाटलेले बुडखे. आणि पाचट. पाचट जाळू नका, कुजवा, असं याच पानांतून आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत आणि ते योग्यच आहे. पण पाचटाखाली खड्डा दिसत नाही, बुडखा दिसत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. चार-पाच सऱ्यांआड एक सरी चालण्यासाठी मोकळी ठेवली तर कुजवण्यात फरक पडत नाही, आणि म्हाताऱ्या पायाला वाट मिळते.

रात्रीच्या पाण्याचं काय करावं? काही भागात शेतीला दिवसाची वीज मिळू लागली आहे, पण पुष्कळ ठिकाणी अजून आठवड्यातल्या काही पाळ्या रात्रीच्याच असतात. ज्यांना जमेल त्यांनी ठिबक करावं, हे आम्ही पाणी वाचतं म्हणून सांगत होतो. आता गुडघा वाचतो म्हणूनही सांगतो. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारे स्टार्टर निघाले आहेत, त्याने निदान एक हेलपाटा वाचतो. ज्यांना जावंच लागतं त्यांनी बॅटरी हातात न घेता डोक्याला बांधायची घ्यावी. दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान वळेल तिकडे उजेड पडतो. मोबाइल खुंटीला न टांगता गळ्यात किंवा अंगरख्याच्या खिशात ठेवावा. खोरं खांद्यावर टाकण्यापेक्षा दांडा जमिनीला टेकवत चालावं. आणि गुडघा लटपटत असेल त्याने एकट्याने जाऊ नये. हे शेवटचं सांगणं सोपं आहे. ज्याचा पोरगा पुण्याला कंपनीत आणि शेजारी बोलत नाही, त्याने कोणाला घेऊन जावं, याला आमच्याकडे उत्तर नाही.

काठीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात पुष्कळ चूक होते. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात धरायची. बहुतेक लोक उलट करतात. चालताना दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे पडली पाहिजे, म्हणजे त्या पायावरचा भार काठी वाटून घेते. काठीची उंची हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या सुरकुतीपर्यंत असावी आणि टोकाला रबराची टोपी असावी. काठी घेतली की म्हातारपण कबूल केलं, असं पुरुषांना वाटतं. पण रात्री रानात जाताना साप-किरडासाठी काठी तर प्रत्येकजण घेतोच. ती योग्य उंचीची घ्यावी आणि हात तेवढा बदलावा, कोणाला कळणारही नाही! पायऱ्या किंवा बांध चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. ट्रॅक्टरवरून उतरताना उडी न मारता तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून, धरून, शिडीवरून उतरल्यासारखं उतरावं.

आता मुख्य गोष्ट. वाळलेला स्नायू पुन्हा भरतो का? भरतो. साठीत भरतो आणि सत्तरीतही भरतो. अमेरिकेत साठीपुढच्या, गुडघ्याचा संधिवात असलेल्या ४३९ जणांना दीड वर्ष तीन गटांत ठेवून पाहिलं. एक गट चालायचा, एक वजनं उचलून स्नायूंचा व्यायाम करायचा, तिसऱ्याला नुसतं आरोग्याचं शिक्षण. १९९७ साली निकाल आले. चालणारे आणि व्यायाम करणारे, दोघांचंही दुखणं कमी झालं आणि हालचाल सुधारली. नंतर, २००० साली, त्यांच्यातल्या काहींच्या उभं राहण्यातल्या झुलण्याचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यातही या दोन गटांचा तोल नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा चांगला टिकला होता. ऐकून गुडघा सुधारत नाही, आणि वाचूनही नाही, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून करायचं काय ते लिहितो.

खुर्चीवर किंवा बाजेवर बसावं, पाय खाली सोडावेत. एक पाय गुडघ्यात सरळ करून मांडी आवळावी, पाच मोजावेत, हळू खाली आणावा. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा. जमू लागलं की घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधावी. दुसरा व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. न हलणारी, भिंतीला टेकलेली खुर्ची घ्यावी आणि हात न लावता उठावं, सावकाश बसावं. सावकाश बसणं महत्त्वाचं, कारण बांधावरून उतरताना स्नायूला हेच काम असतं. सुरुवातीला हात लावावे लागले तर लावावेत. खुर्ची ठेंगणी असेल तर खाली घडी घातलेलं घोंगडं टाकावं.

तिसरा तोलाचा. ओट्याला किंवा भिंतीला बोटं टेकून उभं राहायचं आणि एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावायची, म्हणजे पावलं एका रेषेत. दहा मोजेपर्यंत टिकायचं. जमलं की बोटं उचलायची. जो असा दहा सेकंद उभा राहू शकत नाही त्याला पडण्याचा धोका जास्त आहे, असं समजतात. चौथा, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. आणि पाचवा, भिंतीकडे तोंड करून आडवं चालणं, दहा पावलं इकडे, दहा तिकडे. डोळे मिटून करायचे व्यायामही आहेत, पण ते शेजारी धरायला माणूस असल्याशिवाय करू नयेत.

हे आठवड्यातून निदान तीन दिवस करायचं आणि त्याला दोन-तीन महिने द्यायचे. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणारे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. लागणीच्या उसाला आपण वर्ष-दीड वर्ष देतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं. पण दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच राहिलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून कमी करावं. सूज असेल, गरम लागत असेल, तर ती उतरेपर्यंत थांबावं. ताप येऊन गुडघा लाल झाला किंवा अचानक अडकून बसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरच्या घरी एक मोजमापही करता येतं. खुर्चीपासून दहा फुटांवर खडूची रेघ ओढा. उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नातवाला घड्याळ धरायला सांगा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर तोलाची तपासणी करून घ्यावी. आम्ही कार्यालयात सगळ्यांनी हे करून पाहिलं. कोणाला किती लागले ते इथं छापत नाही.

वजनाबद्दल सगळे बोलतात, म्हणून एकच सांगतो. अंगाचं एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात आढळलं. दिवसाची पावलं हजारांत असतात. हिशेब सभासदांनीच करावा.

औषधांचं बाजूला ठेवून चालणार नाही. वेदनाशामक गोळी गरजेपुरती, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठीक आहे; वर्षानुवर्षं घेतली तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला भोवते. आठवडी बाजारात मिळणारी विनानावाची पुडी मात्र घेऊ नये. तिने दोन दिवसांत माणूस पळू लागतो, ते बहुधा तिच्यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं म्हणून. त्याने हाडं ठिसूळ होतात आणि मांडीचे स्नायूही वाळतात. मग पडल्यावर मोडायला वेळ लागत नाही.

सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयीही विचारणा होते. २०१७ साली केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हापासून आपल्या भागातही ही शस्त्रक्रिया करून घेणारे वाढले आहेत. फार झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं तिने जातं, यात शंका नाही. पण वाळलेला स्नायू शस्त्रक्रियेने भरत नाही आणि तोलही टाके निघाल्याबरोबर परत येत नाही. आधी आणि नंतरही व्यायाम केलाच पाहिजे. ‘नवीन गुडघा बसवला, आता उद्यापासून रानात’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

घरात फार खर्च नाही. शौचालयात भिंतीला एक लोखंडी दांडा, खाली बसता येत नसेल तर कमोडची खुर्ची, मोरीत खरखरीत फरशी किंवा रबरी पट्टी, बाजेपासून शौचालयापर्यंत रात्रभर एक लहान दिवा. गुळगुळीत झालेल्या स्लीपर टाकून द्याव्यात; टाचेला पट्टा असलेली चप्पल बरी. गमबूट मापाचे घ्यावेत. मोठ्या बुटात पाय आधी वळतो आणि बूट मागून.

आणि कोणी पडलंच तर? पाय आखूड वाटतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे, उभं राहवत नाही, तर खुबा मोडला असं धरून चालावं. चोळू नये, ओढू नये, दोघांनी काखेत हात घालून चालवू नये. १०८ ला फोन करावा, तोवर जागीच, पांघरूण घालून ठेवावं. खुब्याची शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत झालेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. हाड मोडण्यापेक्षा त्यानंतरचं अंथरूण घातक ठरतं.

पडून उठलेल्या माणसाच्या मनात भीती बसते, हेही आम्ही जवळून पाहिलं. आमचे ते सभासद तीन महिन्यांनी चालू लागले, पण शेताकडे फिरकेनात. पाराजवळ यायचे, परत जायचे. घरचेही म्हणायचे, बसा आता. बसल्याने मांडी आणखी वाळते हे त्यांना कोण सांगणार? शेवटी तालुक्याच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या सुनेला सगळं दाखवून दिलं आणि सुनेने ते रोज करून घेतलं. सासऱ्यांना दम देण्याची संधी तिला पहिल्यांदाच मिळाली, असं ते स्वतः हसून सांगतात.

परवा ते गटकार्यालयात आले होते, डाव्या हातात काठी. रात्रीचं पाणी आता पोरगा बघतो. दिवसाचं ते स्वतः, पण बांधावरून, सरीत उतरायचं नाही अशा करारावर. बसा म्हटलं तर बसले नाहीत. खुर्ची ठेंगणी आहे म्हणाले. मग कृषी सहायकाच्या टेबलावर हात टेकून त्यांनी विचारलं, “ते व्यायामाचं ऱ्हाऊ द्या. माझ्या खोडव्याची तोड कवा?”